ढिलं सोड, गजानन

मीठ सोडलं की अंगाला आकार येतो असं मला वाटलं, म्हणून मी भर उन्हाळ्यात, अमरावतीत राहून, मीठ सोडलं. एवढंच. त्यात कुठलं तत्त्वज्ञान नव्हतं, कुणाचा सूड नव्हता, प्रेमभंग तर नव्हताच, कारण त्यासाठी आधी प्रेम लागतं. मे महिन्याच्या उन्हात आखाड्यात घाम गाळायचा आणि ताटात आलेलं मीठ डाव्या हाताने बाजूला सारायचं, असा हा उद्योग होता. त्याचा शेवट एका मंचावर झाला, तोही अंगाला गेरू आणि चुना फासलेल्या अवस्थेत.

त्याआधी घराबद्दल सांगतो, नाहीतर हे खूळ आलं कुठून ते कळणार नाही. आमचं घर अकोल्याजवळच्या एका खेड्यात, गावाबाहेर, मळ्यातच. आम्ही भाजीपाला पिकवणारे. वांगी, कांदे, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेने शेवंतीच्या दोन ओळी. दिवस उजाडायचा तो विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने. बाबा हँडल मारायचे, इंजिन आधी खोकायचं, मग काळा धूर ओकायचं, आणि एकदा ढक् ढक् सुरू झालं की चुलीवरच्या तव्यापासून भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीपर्यंत सगळं घर बारीक थरथरत राहायचं. माय त्या तालावर भाकरी थापायची. मध्येच इंजिन बंद पडलं की आपली भाकर चिरते, असं ती शपथेवर सांगायची. ज्वारीची गरम भाकर, भरल्या वांग्याची भाजी, तेलात परतलेला हिरव्या मिरच्यांचा ठेचा, आणि वर कांदा, तोही बुक्कीने फोडलेला. सुरीने कांदा कापणाऱ्या माणसाकडे बाबा संशयाने बघत.

त्या इंजिनाला हँडल मारणं हे घरातलं मर्दपणाचं काम होतं, आणि ते मला येत नव्हतं. ताकद कमी होती हे खरं, पण खरी अडचण दुसरीच होती. हँडल फिरवत न्यायचं आणि इंजिनाने उचल खाल्ली की झटकन सोडायचं, असा तो प्रकार. मी फिरवायचो. सोडायचो नाही. भीतीने मुठी अशा आवळल्या जायच्या की हँडल मला घेऊनच फिरायचं. एकदा तर मी थेट मिरचीच्या वाफ्यात जाऊन पडलो. बाबा बांधावरून ओरडले, "अबे सोड ना! ते काय तुई बायको हाय का?" फावडं धरलं तरी तेच. खांदे, मान, दात, पायाची बोटं, सगळं आवळून मी बारं द्यायचो, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवायचो, आणि दोन वाफे होता होता पाट्यावर वाटल्यासारखा होऊन बसायचो. शरीर म्हणाल तर बरगड्या मोजता येत होत्या. बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, पाहुण्यारावळ्यांसमोर हमखास यायचं: "नाव ठेवलं गजाननाचं, अन् आंग निंघालं त्याच्या उंदराचं."

नागपंचमीला गावात कुस्त्या व्हायच्या. एका वर्षी मीही लंगोट लावून उतरलो. समोरचा पोरगा माझ्याच वयाचा होता. मी मैदानात गेलो आणि अंग अन् अंग आवळून उभा राहिलो, म्हणजे त्याला मला हलवताच येऊ नये. हलवायची गरजच पडली नाही. त्याने मला तुळई उचलावी तसा उचलला, दोन पावलं चालला आणि पाठीवर ठेवून दिला. आपटलासुद्धा नाही. लोक हसले ते हसले, पण मला त्या दिवशी वाटलं की अंग कमवायचंच. आज वाटतं, अंग होतं तेवढं पुरेसं होतं, ते वापरायची अक्कल कमवायला हवी होती. पण अठराव्या वर्षी माणूस अकलेचा खुराक विचारत नाही, अंगाचाच विचारतो.

अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं एक कॉलेज होतं. त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण या गोष्टीत त्याचं काही चुकलं नाही. उन्हाळ्यात तिथे शिबिर भरायचं आणि शिबिरात जो चमकेल त्याला पावसाळ्यात पुढच्या वर्गात घेत. तिथे शिकून शाळेत पीटीचा मास्तर व्हायचं, शिट्टी वाजवायची, आपण सावलीत उभं राहून दुसऱ्यांना पळवायचं, असा माझा बेत. बाबांना तो अजिबात पटला नाही. घरात एकुलता एक मुलगा मी, मळा बघणार कोण? मायने दोन दिवस अबोला धरला, भाकरी जाड थापल्या, तेव्हा कुठे ते नमले. पण अट घालूनच.

"जाय," ते म्हणाले. "शिबिर सरते त्या दिवशी मी येतो अमरावतीले. तुले पाह्यतो. काई दिसलं तं राह्य तथीच. नाई दिसलं, तं माया संग गाडीत बसाचं अन् मंग शिट्टीचं नावबी काढाचं नाई. वांगे तोडाचे."

मी हो म्हणालो. "काही दिसलं तर" या शब्दांचा मी माझ्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावला. बाबांना दिसायला हवेत ते माझे दंड.

शिबिरात आम्हाला शिकवायला तायडे सर होते. उंच, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. बोलायचे पुस्तकी मराठीत, पण रागावले की आतला वऱ्हाडी बाहेर यायचा. हा माणूस कसरतीइतकाच शरीराच्या आतल्या कारभारात रमलेला. सकाळी आखाड्यातली लाल माती उकरणं, दंड-बैठका, मल्लखांब, आणि दुपारी बाहेर झाडाचं पानही हलत नसताना कडुनिंबाखाली वर्ग. स्नायू आखडतो कसा आणि सुटतो कसा, हे सांगायला त्यांनी एकदा फळ्याऐवजी आम्हालाच कामाला लावलं. दोन जाड दोर आणले. एक दोर एका पोराच्या कमरेला बांधून त्याला मैदानाच्या या टोकाला उभं केलं, दुसरा दुसऱ्याच्या कमरेला बांधून त्या टोकाला. दोन्ही दोरांची मोकळी टोकं मध्ये आमच्या हातात. आम्ही दाटीवाटीने बसलेलो.

"दोर म्हणजे पातळ धागे," सर म्हणाले. "तुम्ही बसलात तो जाड धागा. तुमचे हात म्हणजे त्या जाड धाग्यातून निघालेले बारीक बारीक हात. शिट्टी वाजली की पकडा, ओढा, सोडा, पुढे पकडा. विहिरीतून बादली ओढता तसं."

शिट्टी वाजली, आम्ही हातावर हात टाकत दोर ओढले, आणि दोन टोकांची दोन पोरं धडपडत जवळ येऊ लागली.

"थांबा. दोर आखूड झाले का?"

"नाही, सर."

"तुम्ही आखूड झालात का?"

"नाही, सर."

"तरी अंतर कमी झालं. स्नायू असा आखडतो. आतलं कुणीच आखूड होत नाही, नुसते एकमेकांत सरकतात. आता शिट्टी म्हणजे काय? शिरेतून आलेला मेंदूचा हुकूम. हुकूम आला की स्नायूतल्या कोठीचं दार उघडतं आणि कॅल्शियम बाहेर येतं. ते आलं की पातळ धाग्यावरची झाकणं सरकतात, हातांना धरायला जागा मिळते. हुकूम थांबला की कॅल्शियम पुन्हा कोठीत भरायचं, झाकणं बंद, हात सुटले. स्नायू ढिला."

मला हे सगळं फार आवडलं. आपल्या दंडात एवढी गर्दी आहे हे ऐकून भरून आलं. तेवढ्यात सरांनी पुन्हा शिट्टी वाजवली आणि ओढाओढ सुरू झाली. बाकी सगळे पकडत होते, ओढत होते, सोडत होते. मी पकडला तो पकडलाच. दोर माझ्या मुठीत अडकला, मागच्यांचे हात माझ्यावर आदळले, त्या टोकाचा पोरगा तोंडावर पडला आणि माझ्या तळहातांची सालं निघाली. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"नाव काय तुझं?"

"गजानन."

"गजानन, एक गोष्ट लक्षात ठेव. पकडायला इंधन लागतं हे सगळ्यांना कळतं. सोडायलाही लागतं. मेलेल्या माणसाचं अंग लाकडासारखं कडक होतं, ते काही त्याला जोर आला म्हणून नाही. हात सोडायला इंधन उरत नाही, म्हणून ते धरलेलेच राहतात." मग माझ्या मुठींकडे बघून त्यांनी विचारलं, "तू जिवंत आहेस ना?"

(माझी नात अकोल्याला फिजिओथेरपी शिकते. हे प्रकरण तिला वाचायला दिलं, तर म्हणाली, "आबा, त्या हातांना मायोसिन म्हणतात आणि दोराला अ‍ॅक्टिन, तेवढं तरी लिहा." लिहिलं. ती असंही म्हणाली की सरांनी अगदी बरोबर सांगितलं होतं, तुम्हालाच कळलं नसणार. हेही लिहिलं.)

शिबिराच्या समारोपाला गावातली मोठी मंडळी येणार होती आणि सर स्नायूंवर प्रात्यक्षिकासह व्याख्यान देणार होते. त्यासाठी त्यांना एक पोरगा हवा होता. आम्हाला उघड्या अंगाने रांगेत उभं केलं. चांगले भरलेले, तेल लावलेल्या म्हशीसारखे चमकणारे गडी होते त्यात. सर सगळ्यांवरून नजर टाकत आले आणि माझ्यापाशी थांबले. माझ्याभोवती एक फेरी मारली. दंडाला चिमटा काढून बघितला. "वा!" म्हणाले. "वा! एकही धागा लपलेला नाही. हाच."

मी फक्त "वा" ऐकलं. चरबी नावालाही नसल्यामुळे माझा प्रत्येक स्नायू कातडीखालून नकाशासारखा दिसत होता, म्हणजे माझी नेमणूक पहिलवान म्हणून नव्हे, भिंतीवरच्या तक्त्याऐवजी झाली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी त्याच दिवशी अकोल्याच्या भाजीबाजारात माल नेणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर घरी निरोप धाडला: समारोपाला माझं शरीर प्रदर्शन आहे. एकट्याचं.

निरोप पातूरला मामांपर्यंत पोचला. मामा म्हणजे मायचे थोरले भाऊ. तरुणपणी पंचक्रोशीतल्या दंगलीत लढलेले, आणि त्यांनी मारलेल्या कुस्त्या दर दिवाळीला वाढत. एका लग्नाच्या निमित्ताने अमरावतीला आले तर मुद्दाम मला भेटायला मैदानावर आले, माझं अंग डावीउजवीकडून पाहिलं आणि कानाशी लागले.

"मीठ खाऊन राहिला का बे?"

"खातो ना, मामा. काहून?"

"सोड. मीठ म्हंजे पानी, अन् पानी म्हंजे सूज. मीठ सोडलं का कातडी मांसाले चिकटते. दंगलीच्या आंधी आमी महिना महिना अळणी खाऊ. मारुतीले बोल, अन् सोडून दे."

आता माझी कातडी मांसाला आधीच इतकी चिकटलेली होती की दोघांत वारा शिरायला जागा नव्हती, पण मामा दंगलीतला माणूस. मी संध्याकाळी मारुतीच्या देवळात जाऊन, तळहातावरून पाणी सोडून नवस बोललो. समारोप होईपर्यंत अळणी. मारुतीला बोलल्यावर मागे फिरता येत नाही, आणि मामांनी मला देवळात धाडलं ते बहुतेक त्याचसाठी.

शिबिराच्या मेसमध्ये स्वयंपाकाला एक बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांना मी सांगितलं की माझं वरण फोडणी द्यायच्या आधी, मिठाच्याही आधी, बाजूला काढत जा. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी आजारी आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं मी त्यांच्या हाताला नावं ठेवतो. तिसऱ्या दिवशी पळीच उगारली. "अबे, मालक ढोराले बी मिठाचा खडा चाटाले ठेवते! तू ढोराहून गेला का?" मी गूढ हसायचो. नवस आहे असं सांगायचो. अळणी वरण, अळणी भात, मीठ न घातलेली वांग्याची भाजी. ज्याने ही शेवटची गोष्ट खाल्ली नाही त्याने वैराग्य या विषयावर बोलू नये. संध्याकाळी पोरं गीला वडा खायला बाहेर पडायची, दह्यात बुडालेला, वर तिखट-मीठ भुरभुरलेला, आणि मी गाडीपासून चार हात लांब उभा राहून त्यांचं खाणं बघायचो. घाम मात्र रोज बादलीभर. गंजीफ्रॉक वाळत घातला की त्यावर पांढरे नकाशे उमटायचे. ते माझ्या अंगातलं मीठ बाहेर चाललंय हे मला कळत होतं, आणि मला त्याचा आनंद होत होता! पोटरीत अधूनमधून किडे वळवळल्यासारखं व्हायचं. मी समजलो, मांस वाढतंय.

(आजकाल आमच्या कॉलनीतली पोरं डब्यातली पावडर दुधात कालवून पितात आणि आरशाचे फोटो काढतात. मी त्यांना हसत नाही. त्यांचं निदान चवीला चॉकलेटचं असतं.)

समारोपाच्या दिवशी ऊन उतरता उतरता घरची मंडळी आली. आमचा वांगी वाहणारा टेम्पो होता, त्यात क्रेट पालथे घालून त्यावर बसून. बाबा धुवट धोतरात, मामा फेटा बांधून, माय कैरीच्या नव्या लोणच्याची बरणी पोटाशी धरून, शिवाय गावातले ओळखीचे दहाएक लोक, कारण एकट्याचा कार्यक्रम म्हटल्यावर कोण घरी बसतं? मायने मला पाहिलं आणि बरणी मामांच्या हातात दिली.

"माय माय! हे काय झालं वं बाप्पा? तुले खाऊ घालत नाई का अथी?"

"ते कटिंग हाय, शांते," मामा समाधानाने म्हणाले. "याले मनतात कमावलेलं आंग."

"कमावलं का गमावलं?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात सरांनी मला मंचामागे बोलावलं आणि लंगोटावर उभं करून रंगवायला घेतलं. दंडाचा पुढचा स्नायू गेरूने लाल, मागचा चुन्याने पांढरा. मांडीचा पुढचा लाल, मागचा पांढरा. नडगी लाल, पोटरी पांढरी. जोड्या लांबूनही दिसाव्यात म्हणून. मी मंचावर आलो तेव्हा लोक शांत झाले, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून बाबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "पोया हाय का बे आज?" पोळ्याला आमच्याकडे बैल असेच रंगवतात. सगळं मैदान हसलं. मी ठरवलं की आता या माणसाला दाखवायचंच.

सरांनी मायक्रोफोनमध्ये सुरुवात केली. "स्नायूला एकच काम येतं. ओढणं. ढकलणं त्याला येत नाही. म्हणून प्रत्येक हाडाला दोन बाजूंनी दोन स्नायू. लाल ओढतो तेव्हा पांढऱ्याने सुटायचं, पांढरा ओढतो तेव्हा लालने. आता गजानन हात कोपरात वाकवेल. लाल फुगेल आणि पांढरा ढिला पडेल. पाहा."

पण बाबा समोर बसलेले, बाजूला मामा मिशीवर हात फिरवत. मी लाल फुगवला आणि त्याला सोबत म्हणून पांढराही फुगवला. होतं नव्हतं ते सगळं फुगवलं. झालं असं की लाल हात वर ओढतोय, पांढरा खाली, आणि हात कमरेपाशी थांबून शेपटी धरलेल्या सरड्यासारखा थरथरतोय. वरही जात नाही आणि खालीही येत नाही.

सरांनी मायक्रोफोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "ढिलं सोड, गजानन."

मी दात आवळून म्हणालो, "सोडलंय, सर."

"मागचा सोड."

"तोच सोडलाय."

"अरे, मग हा थरथरतो काय?"

लोकांत खसखस सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "थंडी वाजून राह्यली त्याले!" मेमध्ये. सर शहाणे, त्यांनी हात सोडून पायाकडे मोर्चा वळवला. मला स्टुलावर चढवलं आणि टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. पोटरी आखडेल, नडगी सुटेल, सगळ्यांना दिसेल. मी टाचा उचलल्या. पोटरी आखडली. छान टरारून आली. टाळ्यासुद्धा वाजल्या, एक-दोन. मी बाबांकडे पाहिलं, ते पुढे झुकून बघत होते, आणि त्या एका क्षणात मला वाटलं की जिंकलो.

"आता खाली," सर म्हणाले.

पोटरीने ऐकलं नाही. तिथे आतमध्ये कुणीतरी लिंबाएवढा गोळा करून तो पिळायला घेतला. मी आयुष्यात खूप गोष्टींनी ओरडलोय, पण असा आवाज आधी नाही काढला आणि नंतरही नाही. स्टूल एका बाजूला गेलं, मी दुसऱ्या बाजूला, आणि मंचावर आडवा पडलो तो एक पाय टोकदार करून, जणू कुणाला त्याने दिशा दाखवतोय. पांढरी पोटरी दगड झालेली. मी तिला हाताने दाबतोय, ती माझी नाहीच असं वागतेय.

मग आमचा गाव मंचावर चढला. मामा सगळ्यांत पुढे. "मिरगी आली! सरका, मिरगी आली!" असं ओरडत त्यांनी पायातली वहाण काढली आणि माझ्या नाकाशी दाबून धरली. पातूर ते अमरावतीचा सगळा प्रवास त्या वहाणेत होता. कुणी हातात किल्ल्या कोंबल्या. कुणी कांदा फोडा म्हणालं. माय मारुतीचं नाव घेत मान धरून बसली, आणि मान बिचारी संपूर्ण शरीरात एकटीच बरी होती. मी वहाणेखालून सांगायचा प्रयत्न करत होतो, "पोटरी! पोटरी!" मामांना ते "पानी, पानी" वाटलं असावं, कारण त्यांनी एक तांब्या तोंडावर रिकामा केला. गेरू आणि चुना एकत्र होऊन मी गुलाबी झालो.

सर गर्दीतून आत आले. मायक्रोफोन हातात होताच, तो त्यांनी सोडला नव्हता. माझी टाच मांडीवर घेतली, पायाची बोटं धरली आणि पंजा हळूहळू नडगीकडे वाकवायला लागले, आणि हे करताना, देवाशपथ, त्यांनी व्याख्यान पुढे चालू केलं.

"घाबरू नका. याला वांब म्हणतात. मेंदूने हुकूम दिलेला नाही, तरी शिरा हुकूम सोडत बसल्या आहेत. कॅल्शियम कोठीत परत जात नाही, हात धागा सोडत नाहीत. स्नायू स्वतःहून लांब होऊ शकत नाही, त्याला दुसऱ्या कुणीतरी ओढावं लागतं. एरवी हे काम नडगीचा स्नायू करतो. आज मी करतो आहे. बघा, पांढरा कसा सुटतोय."

आणि तो सुटला. आधी गोळ्याच्या कडा विरघळल्या, मग मधला खडा, आणि पोटरी एकदम पिठाच्या उंड्यासारखी मऊ झाली. इतकं सुख मला त्यानंतर फार थोड्या वेळा मिळालं. मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिबिरातलं सगळ्यांत यशस्वी प्रात्यक्षिक तेच ठरलं, फक्त ते मी करून दाखवलं नव्हतं, माझ्यावर झालं होतं.

"खाण्यात काही बदल केला होता का?" सरांनी विचारलं. मायक्रोफोनमध्येच. मी "नाही" म्हणणार, तोच मेसच्या बाजूने मावशींचा आवाज आला. त्यांना मायक्रोफोनची गरज नव्हती.

"मीठ सोडलं त्यानं, सर! कितीक दिसापासून अळणी गिळून राह्यला! मी मनलं त्याले, ढोराले बी चाटाले ठेवते!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामा वहाण पायात घालण्यात गढून गेले होते. मायने बरणी परत मिळवून तिचं फडकं सोडलं, लोणच्याची एक फोड काढली आणि सगळ्या जनतेसमोर माझ्या तोंडात कोंबली. मारुतीने त्याबद्दल मला कधी काही विचारलं नाही.

(नात म्हणते, वांब नेमका कशाने येतो हे अजून पक्कं ठरलेलं नाही, थकव्यानेही येतो, मिठाचंच कारण असेल असं नाही. मी तिला म्हटलं, बाई, हे तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस, माझी थोडी अब्रू वाचली असती.)

पाहुणे पांगले. मी मंचाच्या पायरीवर मीठ-साखर-लिंबाचं पाणी पीत बसलो होतो. बाबा समोर येऊन उभे राहिले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"चाल," ते म्हणाले. "टेम्पोत बस."

वाद घालायला जागा नव्हती. काही दिसलं तर राहा, असं ठरलं होतं, आणि जे दिसलं ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. मायने माझे कपडे गोळा करायला घेतले. प्रत्येक कपडा ती नको इतका झटकत होती. इंजिन, हँडल, वांग्यांचे काटे, सगळं डोळ्यांसमोर आलं. रडू येईल असं वाटलं म्हणून मी पुन्हा अंग आवळून घेतलं. दुसरं मला येत काय होतं?

सर टोपी हातात घेऊन आले. "घेऊन चाललात?"

"हो जी. शोभा झाली तेवढी बस झाली."

"नेऊ नका," सर म्हणाले. "माझ्याकडे ताकदीची पोरं पन्नास आहेत. त्यांना दोन तास राबवलं की तिसऱ्या तासाला झाडाखाली सापडतात. हा पोरगा वेडा आहे, पण धरलेलं सोडत नाही. दोर सोडला नाही, मीठ सोडलं ते पुन्हा धरलं नाही, आज हातही सोडला नाही. धरणं मी कुणाला शिकवू शकत नाही. सोडणं शिकवता येतं. वेळ लागेल, पण येतं. तुम्ही सांगा."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता आपणच काहीतरी बोलावं, मर्दासारखं, की बाबा, मी करून दाखवीन. म्हणून मी पायरीवरून ताडकन उठलो. उठताना दुसऱ्या पायाच्या मांडीत मागच्या बाजूला गोळा आला, आणि मी अर्धा वाकलेला, एक पाय मागे दुमडलेला, हात हवेत, असा तिथेच अडकलो. पुढेही जाता येईना आणि खालीही बसता येईना. सर गुडघे टेकून माझा पाय सरळ करायला बसले. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, आणि मायला म्हणाले, "ठेव ते कपडे खाली." मग सरांकडे वळले.

"ठेवून घ्या, सर, तुमच्यापाशीच. घरी नेला तं एका गड्यानं वांगे तोडाचे, अन् दुसऱ्या गड्यानं दिवसभर याले सरळ करत बसाचं. मले दोन गडी परवडत नाई."